गाठ किती आकसली, एवढेच मोजून कसे चालेल?

स्तनातली गाठ शस्त्रक्रियेने काढलेली असते. केमोथेरपी, रेडिएशन सगळे पार पडलेले असते. पुढची पाच-सहा वर्षे तपासण्यांमध्ये काही निघत नाही, घरचे लोक त्या आजाराचे नाव काढणेही सोडून देतात. मग कधीतरी पाठ दुखू लागते आणि स्कॅनमध्ये मणक्यात कर्करोग दिसतो. असे किती जणींच्या बाबतीत घडते? प्रश्न साधा आहे, पण बहुतेक कर्करोग नोंदण्यांकडे त्याचे थेट उत्तर नाही. पहिले निदान केव्हा झाले, तेव्हा आजार कोणत्या टप्प्यात होता आणि मृत्यू केव्हा झाला, एवढे नोंदले जाते. मधल्या काळात आजार परतला का, कुठे परतला, हा रकानाच नसतो. म्हणून अमेरिकेत २०१७ साली हा आकडा गणिती पद्धतीने अंदाज बांधून काढावा लागला. दूरवर पसरलेला स्तनाचा कर्करोग घेऊन जगणाऱ्या स्त्रिया दीड लाखाहून अधिक निघाल्या, आणि त्यांतल्या दर चारपैकी तिघींचा आजार पहिल्या निदानाच्या वेळी दूर पसरलेला नव्हता.

कर्करोगाच्या ९० टक्के मृत्यूंना फैलाव कारणीभूत असतो, असे वाक्य असंख्य शोधनिबंधांच्या पहिल्याच परिच्छेदात आढळते. त्याचा माग काढत गेले तर भक्कम आधार हाती लागत नाही. नॉर्वेतील नोंदी तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घन गाठींच्या कर्करोगांसाठी, म्हणजे रक्ताचे कर्करोग वगळून, हे प्रमाण सुमारे ६७ टक्के आले. मी हाच आकडा धरून चालतो. तीन मृत्यूंपैकी दोन, हेही काही थोडे नाही.

आणि तरीही, ज्या टप्प्याने इतकी माणसे जातात तो टप्पा थांबवू पाहणारी औषधे आपण बहुतेकदा तो टप्पा उलटून गेलेल्या रुग्णांवर तपासतो, आणि ‘गाठ आकसली नाही’ म्हणून टाकून देतो. औषध पारखण्याची ही रीत बदलायला हवी. बाजार ती आपणहून बदलणार नाही, म्हणून ते काम सार्वजनिक पैशाने झाले पाहिजे. असे का म्हणतो, हे कळण्यासाठी आधी पेशी फिरते कशी ते पाहावे लागेल.

आपल्या त्वचेतल्या, आतड्यातल्या, स्तनातल्या पेशी एकमेकींना धरून बसलेल्या असतात. ही पकड मुख्यतः ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाची. पेशीच्या पडद्यातून त्याचे एक टोक बाहेर डोकावते आणि कॅल्शियमच्या साहाय्याने शेजारच्या पेशीवरच्या त्याच प्रथिनात गुंतते. आतले टोक कॅटेनिन प्रथिनांमार्फत पेशीच्या आतल्या, अॅक्टिन या प्रथिनाच्या सांगाड्याला बांधलेले असते. ही पकड सुटली तर काय होते, याचा पुरावा १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात मिळाला. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माणसे जठराच्या कर्करोगाने जात होती. पॅरी गिलफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांच्यात ई-कॅडहेरिनच्या जनुकात आनुवंशिक दोष सापडला. स्तनाच्या कर्करोगाचा ‘लोब्युलर’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात हे प्रथिन सहसा गायब असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी एकामागून एक, मुंग्यांच्या रांगेसारख्या ऊतीत शिरलेल्या दिसतात.

पकड सोडायला लावणारी प्रथिनेही ठाऊक आहेत. स्नेल आणि ट्विस्ट ही त्यांतली दोन. दोन्ही आधी सापडली ती फळमाशीच्या गर्भात, कर्करोगात नव्हे. गर्भ घडताना पेशींना एका थरातून सुटून दुसरीकडे जावेच लागते, नाहीतर शरीराला आकारच येणार नाही. जखम भरतानाही कडेच्या पेशी शेजारणींशी नाते सैल करून उघड्या भागावर सरकतात. कर्करोगाची पेशी ही जुनीच यंत्रणा अवेळी चालू करते. वाटेतले कोलॅजन कापणारी मेटॅलोप्रोटिनेज प्रथिने, पुढे पाय टाकायला लागणारे अॅक्टिनचे धागे, जमिनीला पकडणारी इंटेग्रिन्स, दिशा सांगणाऱ्या रासायनिक खुणा ओळखणारे ग्राहक, सगळे शरीराच्या रोजच्या वापरातले आहे. कर्करोगाला आपण ‘शत्रू’ म्हणतो तेव्हा नेमकी हीच गोष्ट नजरेआड होते. बाहेरून आलेल्या जंतूवर औषध टाकताना जंतू वेगळा काढता येतो. इथे ज्या प्रथिनावर घाव घालायचा, त्यावरच आपले सांधे, जखमा आणि रक्तवाहिन्या अवलंबून असतात.

कर्करोग पसरवणारे प्रथिन सापडले, आता इलाज दूर नाही, अशा बातम्या वरचेवर येतात. त्या वाचून आशा धरणाऱ्या रुग्णांची मला काळजी वाटते. प्रथिन सापडणे ही लांबच्या वाटेची सुरुवात असते, आणि पुष्कळदा त्याच प्रथिनाचा दुसरा चेहरा नंतर समोर येतो. ई-कॅडहेरिनचेच पाहा. ते नाहीसे झाले की कर्करोग पसरतो, असा सरळ हिशेब बरीच वर्षे मांडला गेला. २०१९ मध्ये अँड्र्यू इवाल्ड यांच्या प्रयोगशाळेने उंदरांतल्या स्तनकर्करोगाच्या वेगवेगळ्या नमुन्यांत ते काढून टाकून पाहिले. पेशी भोवतालच्या ऊतीत जास्त घुसल्या खऱ्या, पण प्रवासात त्या मोठ्या संख्येने मेल्या आणि दूरच्या अवयवांत गाठी कमी झाल्या. म्हणजे बाहेर पडताना अडवणारे प्रथिन पुढच्या वाटेवर पेशीला जगवत होते. त्याआधी २०१४ मध्ये निकोला अचेटो आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की रक्तातून एकट्याने फिरणाऱ्या कर्कपेशींपेक्षा घोळक्याने फिरणाऱ्या पेशींची नवी गाठ रुजवण्याची क्षमता २३ ते ५० पट असते. या घोळक्यांना एकत्र ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे प्लाकोग्लोबिन.

प्रवास किती कठीण असतो, याचीही कल्पना हवी. १९७० मध्ये आयझाया फिडलर यांनी किरणोत्सारी खूण केलेल्या कर्कपेशी उंदरांच्या रक्तात सोडून त्या पुढे कुठे जातात ते पाहिले. २४ तासांनंतर त्यांतल्या ०.१ टक्क्याहूनही कमी जिवंत होत्या. रक्ताचा रेटा, रोगप्रतिकारक पेशी, परका अवयव, या सगळ्यांतून उरणारी एखादीच. स्टीफन पॅजेट यांनी तर १८८९ मध्येच, प्रथिनांविषयी कुणाला फारसे काही माहीत नसताना, ७३५ स्तनकर्करोगी स्त्रियांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी चाळल्या. यकृतात २४१ जणींना दुय्यम गाठी होत्या, प्लीहेत फक्त १७ जणींना. रक्त दोन्हीकडे भरपूर जाते. मग एवढी तफावत का? बी सगळीकडे पडते, पण रुजते ते मानवणाऱ्या मातीतच, असे त्यांनी म्हटले. ही बी आणि मातीची कल्पना आजही टिकून आहे, आणि माझ्या मते तिच्यातच उपचारांसाठी सर्वांत मोठी जागा आहे. फैलाव म्हणजे एकच घटना नसते. बाहेर पडणे, वाहत जाणे, अडकणे, बाहेर येणे, तग धरणे, वर्षानुवर्षे झोपून राहणे आणि एक दिवस जागे होणे, इतके टप्पे त्यात आहेत. त्यांतला कोणताही एक तुटला तरी रुग्ण वाचू शकतो.

ही समज असूनही घात कसा झाला, हे मेटॅलोप्रोटिनेजच्या कहाणीत दिसते. या कुळातले पहिले प्रथिन १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांना मिळाले, बेडूकमाशाची शेपटी विरघळून नाहीशी कशी होते त्याचा शोध घेताना. पुढे १९८० मध्ये लान्स लिओटा आणि सहकाऱ्यांनी पेशींच्या थराखालचा पडदा कापण्याची क्षमता आणि कर्कपेशींची पसरण्याची ताकद यांचा संबंध दाखवला. तर्क बिनतोड वाटत होता: कात्री बोथट केली की पेशी बाहेर पडणार नाही. बॅटिमास्टॅट, मॅरिमास्टॅट, टॅनोमास्टॅट अशी औषधे तयार झाली. उंदरांत त्यांनी आशा दाखवली. १९९० च्या दशकात माणसांवर मोठ्या चाचण्या झाल्या आणि एकामागून एक फसल्या. मॅरिमास्टॅटने सांधे आणि स्नायू इतके दुखत की मात्रा कमी करावी लागे. टॅनोमास्टॅट घेणाऱ्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांची अवस्था औषध न घेणाऱ्यांपेक्षा वाईट निघाली आणि १९९९ मध्ये चाचण्या थांबल्या.

अपयशाची कारणे अनेक होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. माणसात या कुळातली २३ प्रथिने आहेत, औषधे त्यांतल्या बऱ्याच जणांवर सरसकट चालत होती, आणि काही सदस्य तर कर्करोगाला अडवणारे आहेत हे नंतर कळले. एमएमपी-८ हे त्यांपैकी एक. पण आणखी एक कारण असे आहे की त्याची खंत मला सर्वांत जास्त वाटते. उंदरांत औषध दिले होते रोग बाल्यावस्थेत असताना. माणसांत ते प्रामुख्याने अशांना दिले गेले ज्यांचा कर्करोग आधीच दूर पोहोचला होता. घराबाहेर पडू न देणारे कुलूप, सगळे घराबाहेर पडून गेल्यावर लावले. त्यातून ‘प्रथिनांच्या मार्गाने फैलाव अडवता येत नाही’ असा समज पसरला आणि कंपन्यांनी बरीच वर्षे या क्षेत्राकडे पाठ फिरवली. तो निष्कर्ष त्या चाचण्यांतून निघतच नव्हता.

चूक कुणा एकाच्या डोक्यातली नव्हती, ती चाचण्यांच्या घडणीतच आहे. नवे औषध प्रथम दिले जाते बाकी सगळे उपाय संपलेल्या रुग्णांना. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. ते चालते की नाही हे ठरवण्याचे निकष २००० साली ठरले आणि २००९ मध्ये सुधारले गेले: स्कॅनवर दिसणाऱ्या गाठींच्या व्यासांची बेरीज किमान ३० टक्क्यांनी घटली तर अंशतः प्रतिसाद, २० टक्क्यांनी वाढली किंवा नवी गाठ दिसली तर आजार वाढला. पेशी मारणाऱ्या औषधासाठी ही फूटपट्टी योग्य आहे. पण जे औषध फक्त पेशीचे स्थलांतर रोखते किंवा झोपलेली पेशी झोपलेलीच ठेवते, ते असलेली गाठ आकसवणार कसे? ते आपले काम चोख करत असले तरी या फूटपट्टीवर नापास होते आणि पुढच्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाही. पॅट्रिशिया स्टीग यांनी १९८८ मध्ये एनएम२३ हे फैलाव दाबणारे पहिले जनुक शोधले. फैलावाविरुद्धची औषधे फैलाव रोखण्याच्या कसोटीवरच, लहान यादृच्छिक (चिठ्ठी टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडणाऱ्या) चाचण्यांतून लवकर तपासा, असे त्या वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत.

असे करता येत नाही असे कुणी म्हणत असेल तर प्रोस्टेटच्या कर्करोगाकडे पाहावे. हार्मोन दाबणाऱ्या उपचारांना दाद न देणारा, पण स्कॅनवर अजून कुठे पसरलेला न दिसणारा आजार असलेल्या पुरुषांना अपॅलुटामाइड हे औषध देऊन, फैलाव दिसेपर्यंतचा किंवा मृत्यूपर्यंतचा काळ मोजला गेला. औषध नसलेल्या गोळीच्या गटात तो मध्यकाने १६.२ महिने होता, औषधाच्या गटात ४०.५ महिने. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या निकषावर प्रथमच मंजुरी दिली. पुढे एकूण आयुष्यही वाढलेले दिसले, ५९.९ महिन्यांवरून ७३.९ महिन्यांवर. हे औषध अँड्रोजन या पुरुषी हार्मोनच्या ग्राहक प्रथिनाला रोखते, म्हणजे निव्वळ स्थलांतरविरोधी नाही, हे मान्य. पण निकष चालतो, मोजता येतो आणि आयुष्याशी जुळतो, एवढे त्यातून नक्की झाले.

मातीवर काम करण्याचे उदाहरण तर मला त्याहून बोलके वाटते. हाडात शिरलेली कर्कपेशी हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवते. हाड झिजले की त्यात साठलेली वाढीची प्रथिने मोकळी होतात आणि ती पुन्हा कर्कपेशीलाच पोसतात. बिस्फॉस्फोनेट ही ठिसूळ हाडांसाठीची जुनी औषधे या झिजवणाऱ्या पेशींना आवरतात. पाळी थांबलेल्या, सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनकर्करोग असलेल्या स्त्रियांच्या अनेक चाचण्यांची माहिती एकत्र करून २०१५ मध्ये पाहिले गेले. दहा वर्षांत हाडात आजार परतण्याचे प्रमाण ८.८ टक्क्यांवरून ६.६ टक्क्यांवर आले आणि स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू १८ टक्क्यांवरून १४.७ टक्क्यांवर. कर्कपेशीला मुख्य लक्ष्य न करता, जुन्या औषधाने. गाठ आकसली का, असे विचारत बसलो असतो तर हे कधीच कळले नसते.

आता दुसरी बाजू. ती खरोखर वजनदार आहे. फैलाव होण्याआधी औषध द्यायचे म्हणजे ज्यांना तो कधीच होणार नव्हता अशा अनेकांनाही द्यायचे. डेनोसुमॅबचा अनुभव इथे डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. हाड झिजवणाऱ्या यंत्रणेतले रँक-लिगंड हे प्रथिन अडवणाऱ्या या औषधाने प्रोस्टेटच्या रुग्णांत हाडातला फैलाव सुमारे चार महिने लांबवला. पण आयुष्य वाढले नाही, आणि जवळपास पाच टक्के रुग्णांत जबड्याचे हाड कुजले. २०१२ मध्ये नियामकाने या वापराला नकार दिला. मला तो नकार योग्य वाटतो. बेव्हासिझुमॅब हे रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ प्रथिनाला धरून ठेवणारे औषध. स्तनकर्करोगासाठी २००८ मध्ये त्याला मिळालेली घाईची मंजुरी २०११ मध्ये काढून घ्यावी लागली, कारण आजार वाढायला लागणारा वेळ थोडा लांबूनही माणसे अधिक जगत नव्हती. तेव्हा ‘फैलाव लांबला’ हे शब्द दिसताच मंजुरी द्या, असे मी म्हणत नाही. चाचणीत प्रवेश जोखीम मोठी असलेल्यांनाच मिळावा, दुष्परिणामांचा हिशेब काटेकोर ठेवावा आणि शेवटी आयुष्याचे व जगण्याच्या प्रतीचे उत्तर मिळेपर्यंत माग सोडू नये.

माग न सोडणे, यातच खरी अडचण आहे. हार्मोनला प्रतिसाद देणारा स्तनकर्करोग पाच वर्षांच्या उपचारांनंतरही विसाव्या वर्षापर्यंत जवळपास सारख्याच गतीने परतत राहतो, हे २०१७ च्या मोठ्या विश्लेषणात दिसले. एवढा काळ पेशी झोपून असतात. त्यांना जाग कशी येते याचा एक धागा २०१८ मध्ये उंदरांत सापडला. सिगारेटच्या धुराने फुफ्फुसाला दाह झाला की न्युट्रोफिल या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी आपल्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात, त्या जाळीवरची विकरे भोवतालचे लॅमिनिन प्रथिन कापतात, आणि कापलेल्या लॅमिनिनचा उघडा पडलेला भाग इंटेग्रिनमार्फत झोपलेल्या पेशीला वाढण्याचा संदेश देतो. संशोधकांनी त्या कापलेल्या लॅमिनिनला झाकणारे प्रतिपिंड बनवले तेव्हा जागे होणे रोखले गेले. इतके स्पष्ट लक्ष्य असूनही ते माणसात तपासायचे तर हजारो निरोगी दिसणाऱ्या माणसांमागे दशकभर राहावे लागेल. पेटंट २० वर्षांचे असते आणि त्यातली बरीचशी प्रयोगशाळेतच सरतात. कोणती कंपनी हे करील? आणि ज्या जुन्या, स्वस्त औषधांचे पेटंट कधीच संपले, त्यांच्यासाठी तर कुणीच नाही. म्हणून सार्वजनिक निधीचा आग्रह.

त्या निधीतला पहिला खर्च मी नोंदणीवर करीन. पहिल्या निदानाला आणि मृत्यूला जशी नोंद आहे तशी परतलेल्या आजारालाही हवी: तारीख, अवयव, आधीचे उपचार. ती असेल तर चाचणीतल्या रुग्णांचा पुढचा वीस वर्षांचा माग वेगळा खर्च न करता नोंदणीतूनच मिळत राहील. आज चाचणी संपली की रुग्ण नजरेआड होतो. दुसरा खर्च जुन्या औषधांवर. डिगॉक्सिन हे हृदयाचे जुनेपुराणे औषध पेशींच्या घोळक्यांची पकड सैल करते असे प्रयोगशाळेत दिसले होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नऊच रुग्णांच्या चाचणीत त्यांच्या रक्तातले घोळके सरासरी दोनेक पेशींनी लहान झाले. याने कुणाचे आयुष्य वाढते का, हे सांगायला ही चाचणी फार लहान आहे. मोठी कोण करणार, हा प्रश्न उरतो.

अॅस्पिरिनच्या बाबतीत तो प्रश्न सुटला, आणि उत्तर एकसारखे आले नाही. रक्त गोठवणाऱ्या बिंबाणूंतून निघणारे थ्रॉम्बोक्सेन हे रसायन टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींना सुस्त करते आणि अॅस्पिरिन ते कमी करते, ही यंत्रणा २०२५ मध्ये उंदरांत उलगडली. स्तनकर्करोगाच्या तीन हजारांवर रुग्णांत रोज ३०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन देऊन पाहिले, तर काही लाभ दिसला नाही; २०२४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर युरोपातल्या चार देशांत मात्र पीआयके३सीए जनुकात विशिष्ट बदल असलेला मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढलेल्यांना तीन वर्षे रोज १६० मिलिग्रॅम दिली, तेव्हा तीन वर्षांत आजार परतण्याचे प्रमाण १४.१ टक्क्यांवरून ७.७ टक्क्यांवर आले. यांपैकी कुणाच्याही शरीरात आकसायला गाठ शिल्लक नव्हती. दोन्हीकडे संशोधकांनी एकच गोष्ट मोजली, आजार कुणाकडे परतला, आणि ती मोजण्यासाठी ते वर्षानुवर्षे थांबले.